‘घर बंद’ : आरोग्यातली दरी कमी करण्याचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

रक्तदाब तपासणीची मोहीम संपली होती आणि रजिस्टर माझ्यासमोर होतं. घर क्रमांक, नाव, वय, वरचा आकडा, खालचा आकडा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मधूनमधून दोनच शब्द: ‘घर बंद’. एकूण कव्हरेज चांगलं आलं होतं. अहवाल वर गेला, शाबासकीही मिळाली. आठवड्याभराने दुसऱ्याच कामासाठी तेच रजिस्टर चाळताना लक्षात आलं, की हे ‘घर बंद’ सगळीकडे सारखं विखुरलेलं नाही. रस्त्यालगतच्या घरांत ते क्वचित, मागच्या दोन गल्ल्यांत मात्र ओळीने. आम्ही सकाळी दहा ते एक फिरत होतो. मागच्या गल्ल्यांतली माणसं सातच्या आत कामावर निघतात आणि दिवेलागणीला परततात. म्हणजे ज्यांना तपासायची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच गाळून आम्ही मोहीम ‘यशस्वी’ केली होती.

या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी हे रजिस्टर दाखवते. कारण आपल्या क्षेत्रातला सर्वांत मोठा गैरसमज त्यात उघडा पडतो. आपण चांगलं काम करतोय, म्हणजे विषमता आपोआप कमी होईल, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात चांगली योजना बहुतेक वेळा आधीच सुस्थितीत असलेल्यांपर्यंत लवकर पोचते, त्यांची तब्येत आणखी सुधारते आणि दरी रुंदावते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: यातून सुटलं कोण?

एक शब्द आधीच स्पष्ट करते. हेल्थ प्रमोशनला कागदोपत्री ‘आरोग्य प्रोत्साहन’ म्हणतात. मला ‘आरोग्यसंवर्धन’ जवळचा वाटतो, तोच वापरते. आजार झाल्यावर उपचार करणं हे त्यात येत नाही. लोकांना आपल्या आरोग्याची सूत्रं आपल्या हातात घेता येतील अशी परिस्थिती तयार करणं, एवढं व्यापक ते काम आहे.

पहिली पायरी: फरक कुठे आहे आणि अन्याय कुठे, ते ओळखा

सत्तरीतल्या माणसाचे गुडघे विशीतल्या माणसापेक्षा जास्त दुखतात. हा फरक झाला, त्यात कुणाचा दोष नाही. आता दुसरं उदाहरण घ्या. आरोग्यावर परिणाम करणाऱ्या सामाजिक घटकांवर जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने २००८ च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचे आकडे दिले होते. कॅल्टन या भागात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं, आणि शहराला लागूनच असलेल्या लेन्झीत ८२. मध्ये अंतर काही मैलांचं, आयुष्याचं अंतर २८ वर्षांचं. हवा तीच, देश तोच, मोफत सरकारी आरोग्यसेवाही तीच.

ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० मध्ये यासाठी सोपी कसोटी मांडली. फरक अनावश्यक आहे का, टाळता येण्यासारखा आहे का, आणि अन्याय्य आहे का? तिन्हींना ‘हो’ म्हणावं लागलं, तर ती आरोग्यविषमता. कामाला लागण्याआधी तुमच्या भागातले तीनचार फरक या कसोटीवर घासून बघा. अर्धा तास लागतो, आणि टीममधल्या लोकांची मतं किती वेगळी आहेत हेही त्याच वेळी कळतं. ‘ते लोकच लक्ष देत नाहीत’ हे वाक्य कुणीतरी हमखास बोलतं. ते तिथेच, सुरुवातीलाच बोललं गेलेलं बरं.

नवखी माणसं इथे आणखी एक चूक करतात. विषमता म्हणजे एका टोकाला अगदी गरीब आणि बाकी सगळे ठीक, असं चित्र त्यांच्या मनात असतं. खरं चित्र उतरंडीचं आहे. लंडनमधल्या सुमारे १८ हजार पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. यात बेघर कुणी नव्हतं, बेरोजगार कुणी नव्हतं. सगळे पगारदार, सरकारी नोकरीतले. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. त्याहून बोलकं म्हणजे, वरून दुसऱ्या पायरीवरचे पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर मरत होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरतच होता. उतरंडीतलं प्रत्येक मडकं खालच्यावर टेकलेलं असतं. नुसतं तळाचं बदलून भागत नाही.

दुसरी पायरी: ‘का?’ विचारत राहा, उत्तर अंगाशी येईपर्यंत

एक बाई होत्या, पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या. रक्तदाब वाढलेला, गोळी सुरू केलेली, पण दर वेळी आकडा चढलेलाच. कार्डावर आमच्याच कुणीतरी लिहिलं होतं, ‘गोळ्या नियमित घेत नाही, समुपदेशन केले.’ तीन वेळा समुपदेशन झालं होतं. चौथ्या वेळी एका नवीन मुलीने त्यांना समजावलं काहीच नाही, नुसतं विचारलं, “मावशी, गोळी कधी चुकते?” कामाच्या दिवशी. रविवारी नाही चुकत. का? ती गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. मग? कामाच्या ठिकाणी बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. त्यामुळे त्या गोळी टाळायच्या, आणि दिवसभर पाणीही प्यायच्या नाहीत.

या बाईंना रक्तदाबाची माहिती आमच्या पोस्टरइतकीच होती. कमी होतं ते एक दार आणि एक कडी.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरचो यांनी १८४८ मध्ये सांगितली होती. अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफसची, म्हणजे उवांतून पसरणाऱ्या तापाची, साथ आली तेव्हा प्रशियाच्या सरकारने त्या तरुण डॉक्टरला पाहणीसाठी पाठवलं. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, लोकांच्या हाती कारभार, रस्ते, शेतीतली सुधारणा, करांचा न्याय्य बोजा, असं लिहून दिलं. सरकारला ते रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढे १९९१ मध्ये डालग्रेन आणि व्हाइटहेड यांनी हे सगळं एका चित्रात बसवलं. इंद्रधनुष्यासारख्या कमानी: मध्यभागी वय, लिंग, आनुवंशिकता, त्याबाहेर सवयी, त्याबाहेर नातीगोती आणि समाजाचा आधार, मग राहणी आणि कामाची परिस्थिती, म्हणजे घर, पाणी, शिक्षण, रोजगार, आरोग्यसेवा, आणि सर्वांत बाहेर अर्थव्यवस्था, संस्कृती, पर्यावरण. हे चित्र कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यापेक्षा कामाला लावा. तुमच्या भागातला एक आजार घ्या, एक खरा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि ‘का?’ विचारत एकेका कमानीतून बाहेर या. लघवीची गोळी सवयींच्या कमानीत दिसत होती. तिचं मूळ निघालं दोन कमानी बाहेर.

चारपाच ‘का’ झाले की एक जागा येते, जिथे उत्तर आपल्याच खात्याकडे किंवा आपल्याच वेळापत्रकाकडे बोट दाखवतं. तिथे थांबायचा मोह होतो. थांबू नका.

तिसरी पायरी: सरासरी फोडा

सरासरी ही सभ्य चादर आहे, सगळं झाकते. ‘लसीकरण ८५ टक्के’ ऐकलं की पहिला प्रश्न: उरलेले १५ कुठले? ते सगळीकडे थोडे थोडे असतील तर काम वेगळं, एकाच वस्तीत असतील तर वेगळं.

आकडे कशाकशाने फोडायचे? राहण्याची जागा, काम, लिंग, शिक्षण, उत्पन्न, जात-वंश-भाषा, धर्म, अपंगत्व, आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसं आहेत की नाहीत. सगळी माहिती कधीच मिळत नाही. दोन गोष्टी नक्की मिळवा: पत्ता आणि काम. या दोनच गोष्टींतून बऱ्याच गाठी सुटतात. छोट्या भागात आकडे लहान असले तर मात्र टक्केवारीने फसू नका. सात घरांपैकी दोन घरांत फरक पडला की टक्केवारी उडी मारते, त्यावर धोरण बेतायचं नसतं.

मग छेद बघा, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या संख्येने भागतो ती. तुमच्या यादीत मुळात कोण आहे? भाडेकरू, हंगामी कामासाठी आलेले, कागदपत्रं नसलेले, रस्त्यावर झोपणारे, संस्थांमध्ये ठेवलेले, हे यादीत नसतील तर ते ‘सुटलेले’ म्हणूनही मोजले जात नाहीत. ‘घर बंद’ला निदान घर तरी असतं.

आता थोडं गणित, कारण इथे भलेभले घसरतात. समजा, एका शहरात कमी शिकलेल्यांत ४० टक्के लोक धूम्रपान करतात आणि जास्त शिकलेल्यांत २० टक्के. मोहीम झाली. पाच वर्षांनी हे आकडे ३० आणि १२ झाले. दरी कमी झाली की वाढली? वजाबाकी केली तर २० वरून १८, म्हणजे कमी झाली. भागाकार केला तर आधी दुप्पट होती, आता अडीचपट, म्हणजे वाढली. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणून अहवालात दोन्ही द्या, आणि कुणी एकच आकडा देऊन यश मिरवत असेल तर दुसरा स्वतः काढून बघा. माझं मत विचाराल तर मी आधी वजाबाकी बघते, कारण तिच्यात माणसं दिसतात.

चौथी पायरी: लोकांना ‘सहभागी करून घेणं’ सोडा, त्यांच्याबरोबर बसा

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना वळवणं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं, आणि वर भागीदारी, अधिकार सोपवणं, शेवटी लोकांचं नियंत्रण. आपल्या बहुतेक ‘लोकसहभागी’ बैठका मधल्या पायऱ्यांवर चहा पितात. मत विचारतात, इतिवृत्तात लिहितात, आणि आधी ठरलेलंच करतात.

वर चढलं की काय होतं, त्याचं एक पक्कं उदाहरण आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागात ‘एकजुट’ या संस्थेने महिलांच्या गटांबरोबर २००५ ते २००८ या काळात काम केलं, त्याचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ना नवीन औषध, ना नवीन यंत्र. दर महिन्याला बैठक, त्याच भागातली एक बाई ती चालवणार, चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ. बाळंतपणातल्या आणि नवजात बाळांच्या अडचणी बायकांनीच निवडायच्या, उपाय त्यांनीच ठरवायचे आणि करून बघायचे. जिथे गट होते, तिथे तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेतल्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते. नंतरच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि आपल्यासाठी तीच कळीची: हा फायदा सर्वांत वंचित घरांत जास्त होता. दरी कमी करणारी उपाययोजना ती हीच.

प्रत्यक्षात करायचं काय? बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा, म्हणजे बहुतेक वेळा तुमचं कार्यालय सुटल्यावर. लहान मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवा. ज्याची रोजंदारी बुडते त्याला ती भरून द्या. तज्ज्ञाला मानधन देतो तर त्यांना का नाही? गावचे, वस्तीचे ‘नेहमीचे बोलणारे’ आले की बैठक झाली असं धरू नका. गप्प बसलेल्यांच्या दारात नंतर जा. आणि काय ठरलं, काय झालं, काय नाही झालं, हे परत जाऊन सांगा. माहिती घेऊन गायब होणाऱ्यांचा लोकांना इतका अनुभव असतो, की नुसतं परत आलेलं माणूसही त्यांना वेगळं वाटतं.

पाचवी पायरी: उपाय निवडताना विचारा, ‘यासाठी माणसाला किती खटपट करावी लागेल?’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

कॅनडातल्या ओटावा इथे १९८६ मध्ये आरोग्यसंवर्धनाची जी सनद तयार झाली, तिच्यात पाच कामं सांगितली आहेत: आरोग्याला पोषक धोरणं, पोषक परिसर, समाजाची एकत्रित कृती, माणसांची वैयक्तिक कौशल्यं, आणि आरोग्यसेवेचा रोख बदलणं. नवीन कार्यक्रमांचे कागद बघितले तर सगळा पैसा चौथ्या कामावर लागलेला दिसतो. माहितीपत्रकं, व्याख्यानं, पोस्टर, अ‍ॅप. ते सोपं असतं, त्यात कुणाशी भांडावं लागत नाही, आणि छपाईचं बिल लगेच जोडता येतं.

अडचण अशी, की ज्या उपायात माणसाला स्वतः वाचायचं, समजून घ्यायचं, वेळ काढायचा, पैसे घालायचे आणि रोज आठवणीने करायचं असतं, तो उपाय वेळ, पैसा, शिक्षण हाताशी असलेल्यांना जास्त लागू पडतो. २०१३ मध्ये थिओ लॉरेन्क (Lorenc) आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा हाच कल दिसला: माध्यमांतल्या मोहिमांसारखे, माणसावर भार टाकणारे उपाय दरी वाढवू शकतात, किमती, कायदे, कामाच्या ठिकाणची परिस्थिती असे मुळाशी जाणारे, ‘वरच्या प्रवाहातले’ उपाय ती कमी करण्याची शक्यता जास्त.

फॉलिक अ‍ॅसिडचं उदाहरण मी नेहमी देते. हे जीवनसत्त्व पुरेसं असेल तर बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगांपैकी बरीच टळतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केलं. मग सल्ला निघाला: गर्भधारणेच्या आधीपासून गोळी घ्या. गोची अशी, की गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणजे सल्ला पाळायचा तर गर्भधारणा ठरवून व्हायला हवी, आधी डॉक्टरकडे जायला हवं, गोळी विकत घ्यायला हवी. हे कुणाला जमतं, तुम्हीच बघा. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या शुद्ध पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. आता कुणालाच काही आठवायचं नव्हतं.

झालं समाधान? तिथेही कुणीतरी सुटलंच. सक्ती गव्हाच्या पिठाला आणि तशाच काही पदार्थांना होती, टॉर्टिया नावाच्या रोट्यांसाठी लागणाऱ्या मक्याच्या ‘मासा’ पिठाला नव्हती. ते पीठ लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांत रोज खाल्लं जातं, आणि त्यांच्या बाळांत या व्यंगांचं प्रमाण जास्त होतं. मासा पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालायला परवानगी मिळाली ती २०१६ मध्ये, तीही ऐच्छिक. अठरा वर्षं गेली. ‘सगळ्यांसाठी’ असलेल्या उपायालाही ‘सुटलं कोण?’ विचारावं लागतं, ते यासाठी.

किमतीवरच्या उपायांबद्दल नवीन लोक अडखळतात. तंबाखूवर कर वाढवला तर गरिबाच्याच खिशाला चाट नाही का? प्रश्न योग्य आहे. कराचा बोजा उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबावर जास्त पडतो, हे खरं. पण किंमत वाढली की सोडणाऱ्यांत आणि कमी करणाऱ्यांतही कमी उत्पन्नाचे लोक जास्त असतात, त्यामुळे आरोग्याचा फायदा त्यांना अधिक मिळतो. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूला किमान किंमत लावली. २०२० अखेरपर्यंतच्या अभ्यासात थेट दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि सर्वांत मोठी घट गरीब भागांत होती. तरीही माझी अट असते: किंमत वाढवताना व्यसन सोडायची मोफत मदत त्याच वस्तीत, त्याच वेळी उभी राहिली पाहिजे. नाहीतर ज्याला सुटत नाही, तो घरातल्या दुसऱ्या कशावर तरी काट मारतो.

याचा अर्थ माहिती देऊच नये असा नाही. माहिती लागतेच, पण ती शेवटचा टप्पा म्हणून. आधी गोष्ट करता येण्याजोगी करा, मग करायला सांगा. आणि सांगताना भाषा तपासा. ‘उच्च रक्तदाब हा छुपा शत्रू आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही, म्हणून मोजावं लागतं’ असं लिहा. ऐकणाऱ्याला ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे मान हलवतात. ‘घरी गेल्यावर हे तुम्ही कसं सांगाल?’ असं विचारा. भीती घालणारी, लाजवणारी चित्रं टाळा. ज्याच्यावर परिस्थितीने आधीच बोट रोखलंय, त्याच्यावर आपणही रोखायचं काही कारण नाही.

सहावी पायरी: सगळ्यांना द्या, पण सगळ्यांना सारखं देऊ नका

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर. त्यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलं, की चांगली आरोग्यसेवा गरजेच्या उलट प्रमाणात मिळते. जिथे गरज जास्त तिथे सेवा कमी. आजही कुठलंही वेळापत्रक उघडून बघा.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे फक्त गरिबांसाठी योजना. तिचे तीन तोटे. पात्रता सिद्ध करण्यात खरे गरजूच गळतात. योजनेवर शिक्का बसतो, लोक लाजेने येत नाहीत. आणि उतरंडीची मधली मडकी तशीच राहतात. उलट, सगळ्यांना एकसारखं दिलं तर वरचे आधी उचलतात. मायकल मार्मट यांच्या २०१० च्या इंग्लंडवरच्या अहवालाने मधला मार्ग मांडला: सेवा सगळ्यांसाठी, पण तिची तीव्रता गरजेच्या प्रमाणात.

कागदावर हे भारदस्त वाटतं, रोजच्या कामात अगदी साधं आहे. तपासणी सगळ्या गल्ल्यांत. पुढच्या गल्लीत एक फेरी पुरते, मागच्या गल्लीत तीन कराव्या लागतील, त्यातल्या दोन संध्याकाळी. पुढच्यांना मोबाइलवर आठवण पुरते, मागच्यांकडे माणूस जाईल. म्हणजे दर कार्यकर्त्यामागे सारखी घरं वाटून चालणार नाही. मागच्या गल्लीवाल्याला कमी घरं द्या. हे ठरवताना कुरबुर होते, ‘तिला कमी घरं का?’ म्हणून. ती ऐकून घ्या, पण वाटणी बदलू नका.

सातवी पायरी: दुसऱ्या खात्यांच्या दारात जा

घर, पाणी, वाहतूक, शाळा, मजुरी यातलं काहीच आरोग्य खात्याकडे नसतं, त्यामुळे हे टाळता येत नाही. एवढंच ध्यानात ठेवा: ‘आरोग्यासाठी सहकार्य करा’ म्हणत गेलात तर पत्राला पत्र येईल. त्यांच्या कामाचं काय भलं होतंय ते आधी सांगा. शाळेला हजेरी वाढलेली हवी असते, कारखानदाराला खाडे कमी झालेले. मागणी एकच आणि छोटी ठेवा, सोबत फोडलेले आकडे न्या, आणि श्रेय त्यांना घेऊ द्या.

आठवी पायरी: टार्गेट तळापासून लावा

‘एकूण ८० टक्के’ हे टार्गेट असलं की कुठलाही शहाणा कर्मचारी सोपी घरं आधी उरकतो. त्याचा दोष नाही, आपण मोजलंच तसं. टार्गेट असं लिहा: ‘सर्वांत मागे असलेल्या भागात ८० टक्के.’ एका ओळीच्या बदलाने कुणाच्या दारात किती वेळ जायचं, हे सगळं बदलतं.

आकडा कुठे गळतो ते शोधायला तानाहाशी यांची १९७८ मधली मांडणी अजून कामाची आहे. सेवा उपलब्ध आहे का? तिथवर पोचता येतं का? ती लोकांना पटणारी, रुचणारी आहे का? लोक खरोखर आले का? आणि आलेल्यांना उपयोग झाला का? प्रत्येक टप्प्यावर किती जण उरले, ते पुढच्या आणि मागच्या गल्लीसाठी वेगवेगळं मांडा. पॅकिंगवाल्या बाई पहिल्या चारही टप्प्यांत उत्तीर्ण होत्या. गळती पाचव्यात होती, आणि आम्ही चौथ्यावर मोजणं थांबवलं होतं.

नवीन योजनेच्या पहिल्या वर्षी दरी वाढलेली दिसली तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ब्राझीलच्या आकड्यांवरून दाखवलं होतं, की नवा उपाय आधी सुखवस्तू लोक उचलतात आणि गरिबांपर्यंत तो उशिरा झिरपतो. तो ‘उशीर’ किती, हे आपल्या हातात असतं. आणि ही कामं वर्षा-दोन वर्षांची नसतात. इंग्लंडमध्ये १९९७ नंतर सरकारने सर्वांत मागास भाग आणि बाकीचा देश यांच्यातली आयुर्मानाची दरी कमी करायचं धोरण आखलं. पुढे ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की धोरण चालू होतं तोवर दरी हळूहळू कमी होत होती आणि ते बंद झाल्यावर पुन्हा वाढू लागली. गंमत अशी, की कमी होत असतानाच बऱ्याच जणांनी ते फसल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

आमच्या रजिस्टरमधून ‘घर बंद’ हा शेरा आता गेलाय. त्या जागी चार रकाने आहेत: कामावर, गावाला किंवा स्थलांतर, दार उघडलं नाही, नको म्हणाले. ‘कामावर’ असेल तर किती वाजता भेटतील ते शेजाऱ्याला विचारून लिहायचं, आणि त्या वेळेला परत जायचं. ‘नको म्हणाले’च्या पुढे कारण लिहायचं, त्यांच्या शब्दांत.

त्या बाईंची गोळी डॉक्टरांनी आठवड्यात बदलली. स्वच्छतागृहासाठी तिथल्या बावीस बायकांच्या सह्यांचा अर्ज, तीन भेटी आणि अकरा महिने लागले. कडी आतून लागत नाही अशी तक्रार परवाच आली आहे. मंगळवारी बघायला जायचंय.